खुले पत्र : ती पुस्तकं बेवारस नव्हती, मंत्रिमहोदय

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र शासन, मुक्काम नागपूर (अधिवेशनापुरता)

सप्रेम नमस्कार. आपण आलात, आनंद झाला. आपण येणार म्हणून आमच्या भागातले दुभाजक रंगले, खड्डे बुजले आणि मागच्या मंगळवारी माझी पुस्तकंही गेली.

बागेच्या फाटकाशी मी एक लाकडी खोकं ठेवलं होतं. वर पत्र्याचं झाकण, आत वाचून झालेली पुस्तकं. कोणीही न्यावं, वाचावं, पुढे कुठेतरी सोडावं. ही अक्कल माझी नाही. 2001 साली अमेरिकेत रॉन हॉर्नबेकर नावाच्या गृहस्थाने हे सुरू केलं. पुस्तकावर क्रमांक टाकून ते बाकावर, स्टेशनावर सोडायचं. ज्याला सापडेल त्याने तो क्रमांक इंटरनेटवर टाकून कळवायचं. मला ते जमत नाही. मी पहिल्या पानावर लिहायचो, ‘हे पुस्तक हरवलेलं नाही. वाचा, आपल्या वस्तीचं नाव लिहा, पुढे सोडा.’ एका फाटक्या व्याकरणाच्या पुस्तकावर खामला, मानेवाडा, जरीपटका, गोधनी आणि चक्क कामठी अशी नावं चढली आणि ते फिरत फिरत माझ्याच खोक्यात परत आलं. त्या दिवशी मी साखरेचा चहा प्यायलो, डॉक्टरांनी बंद केलेला असताना.

तेही गेलं. चौकीदार म्हणाला, “काकाजी, साहेब म्हने अधिवेशन हाय, बेवारस सामान दिसलं नाई पायजे. रद्दीवाल्याले देऊन टाकलं.”

कार्यालयाचं नाव लिहीत नाही. नाव घेतलं की फाइल आणखी खाली जाते. 31 वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. याच कार्यालयाने दोन वर्षांपूर्वी पक्कं कपाट बसवून देतो म्हणून सांगितलं होतं. तोंडी, अर्थात. त्यासाठी सात चकरा मारल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस, तिसरा मजला, लिफ्ट बंद. आठव्या चकरेला साहेब म्हणाले, “तुम्ही परत आलात?” जणू मी उधारी वसूल करायला गेलो होतो! त्या रात्री गुडघा इतका ठणकला की झोप नाही, आणि घरचे म्हणतात, कोणी सांगितलंय तुम्हाला.

माझी मागणी एवढीच की खोकं परत द्या आणि पुस्तकं कोणत्या नियमाने बेवारस ठरली ते लेखी कळवा. टाकलेली वस्तू बेवारस, साहेब. ठेवलेली नव्हे.

राज्यात ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. अनुदानावरची ग्रंथालयं 11-12 हजार तरी असतील (चूक असेल तर आपल्या खात्याने दुरुस्त करावी), पण आमच्या जवळच्याला मी जाईन तेव्हा कुलूप. 4 मे 2017 ला भिलारला पुस्तकांचं गाव झालं, चांगलंच झालं. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली, मीही पेढे वाटले. मग तीच अभिजात भाषा रद्दीवाल्याच्या काट्यावर कशी चढली? तीही या शहरात, जिथे दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो माणसं येतात आणि भाकरीच्या पिशवीत पुस्तकं घालून परत जातात! त्या माणसांना विचारा पुस्तक ‘सामान’ असतं का.

1953 च्या नागपूर कराराने आमच्या वाट्याला वर्षाचं एक अधिवेशन आलं. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकऱ्यांचा अनुशेष ऐकत ऐकत मी म्हातारा झालो. आपण विमानाने जाता आणि दुभाजकाचा रंग पहिल्या पावसाने. एवढ्यात आमच्या जवळचं थोडंफार होतं, तेही साफसफाईत काढून नेता.

असो. उद्या सकाळी झिरो माइलजवळ एक पुस्तक ठेवतो आहे. विधानभवनातून चालत येता येईल. आत चिठ्ठी आहे, वस्तीचं नाव लिहायला जागा आहे. कृपया बॉम्बशोधक पथक बोलावू नये.

आपला,
एक निवृत्त कारकून,
त्रिमूर्तीनगर, नागपूर