‘भाड्यातून हप्ता निघतो’ म्हणणाऱ्यांनी पूर्ण हिशोब छापावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रॉपर्टी पुरवणीत सध्या दर आठवड्याला एकच सूर लागतोय, दुसरा फ्लॅट घ्या, भाडं येत राहील, हप्ता आपोआप फिटेल. मी खराडीतल्या एका सोसायटीचा खजिनदार आहे. आमच्याकडे निम्म्याहून जास्त फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत, मालक कोणी नागपूरला, कोणी नांदेडला, कोणी दुबईत, आणि त्यांच्या थकलेल्या बिलांचे फोन मीच करतो, त्यामुळे या गुंतवणुकीत प्रत्यक्षात काय हातात राहतं ते मला जवळून दिसतं. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय पण प्लीज छापा.

समजा 70 लाखांचा रेडी टू-बीएचके घेतला. पुण्यात स्टँप ड्युटी 7 टक्के म्हणजे 4 लाख 90 हजार (बाईच्या नावावर घेतला तर 1 टक्का कमी), रजिस्ट्रेशनचे 30 हजार. बांधकाम चालू असलेला घेतला तर वर 5 टक्के जीएसटी. नुसत्या भिंतींना भाडेकरू येत नाही, मॉड्युलर किचन, गिझर, पंखे, कपाटं धरा 3 लाख. झाले 78 लाख. आता भाडं 24 हजार धरू. वर्षातला एक महिना फ्लॅट रिकामा जातोच, म्हणजे 11 महिन्यांचे 2 लाख 64 हजार. त्यातून मेंटेनन्स महिना साडेतीन हजार म्हणजे वर्षाला 42 हजार, एजंटला एक महिन्याचं भाडं 24 हजार, प्रॉपर्टी टॅक्स 18 हजार, रंग आणि दुरुस्ती 20 हजार. उरले 1 लाख 60 हजार. 78 लाखांवर दोन टक्के! बँकेच्या साध्या एफडीत याच्या तिप्पट मिळतात आणि तिथे नळ गळत नाही.

कर्ज काढून घेतला असेल तर अजून अवघड. 50 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं, हप्ता साधारण 43 हजार 400. भाडं 24. वरचे 19-20 हजार दर महिन्याला पगारातूनच जाणार आणि रिकाम्या महिन्यात तर पूर्ण हप्ता. यावर एजंट लोक म्हणतात व्याजावर टॅक्स वाचतो. वाचतो, पण जुन्या पद्धतीत घराचा तोटा (म्हणजे भाड्याच्या उत्पन्नापेक्षा जास्त झालेलं व्याज) पगारातून वर्षाला जास्तीत जास्त 2 लाखच वजा होतो आणि नव्या टॅक्स रिजीममध्ये तर पगारातून वजा करताच येत नाही. शिवाय भाड्यातून 30 टक्के स्टँडर्ड वजावट मिळते ती मिळते, पण मेंटेनन्स, एजंट, रंगरंगोटी यांची वेगळी वजावट नाही. हे किती जणांना माहीत असतं?

आणि एक गोष्ट पुणे महापालिकेच्या हद्दीतल्यांनी तरी नीट वाचावी. मालक स्वतः राहतो त्या घराला मिळकतकरात जी 40 टक्के सवलत आहे ती भाड्याने दिलेल्या घराला नाही, त्यामुळे आधीच्या मालकाचं बिल बघून हिशोब करू नका. तसंच मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी लावते तो नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, तो सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपर्यंतच लावता येतो, पूर्ण बिलाच्या नाही. कुठे जास्त लावत असतील तर लेखी विचारा. खजिनदार असूनही मी हे सांगतोय कारण नियम तो नियम.

भाडेकरूबद्दल. बहुतेक मुलं चांगली असतात, मी त्यांच्याविरुद्ध अजिबात नाही. पण 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आमच्याकडची आयटीवाली मुलं गावी गेली आणि कितीतरी फ्लॅट बंद पडले, हप्ते मात्र चालूच. दुसरं म्हणजे करार. महाराष्ट्रात भाडेकरार रजिस्टर करणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि नसेल केला तर वाद झाल्यावर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच धरल्या जातात, उलटं सिद्ध करायचं काम मालकाचं. शहरात नोंदणी फी हजार रुपये, स्टँप ड्युटी पाव टक्का, तरी लोक नोटरीच्या कागदावर भागवतात, कशासाठी? करार असला तर मुदत संपल्यावर न हलणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट भाडं मागता येतं. अर्थात तिथेही महिने जातात आणि परगावच्या मालकाला खेपा घालाव्या लागतात.

मागच्या पावसाळ्यात आमच्या एका परदेशातल्या मालकाच्या बाथरूममधून खालच्यांच्या बेडरूममध्ये पाणी उतरलं. प्लास्टर फुगलं, वॉर्डरोबच्या मागे बुरशी, खालच्या काकूंना दम्याचा त्रास. टाईल्स फोडून वॉटरप्रूफिंग करायचं तर भाडेकरू म्हणतो आम्ही कुठे जायचं, मालक म्हणतो फोटो पाठवा, मग रात्री उशिरा व्हिडिओ कॉल, मग प्लंबर दोनदा येऊन परत गेला. शेवटी काम झालं, खर्च मालकाने दिला, भाडेकरू दोन महिन्यांत सोडून गेला. असे प्रकार कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतात.

किंमत वाढते ना, असं विचारणारे आहेत. काही ठिकाणी वाढते, नक्की. पण विकायला काढल्यावर शेजारी नवीन टॉवर उभा असतो, गिऱ्हाईक तिकडे जातं, आणि विकला तर नफ्यावर साडेबारा टक्के टॅक्स. इमारत जुनी होत जाते तशी लिफ्ट बदलणं, बाहेरचं प्लास्टर, टाक्या, सगळ्याची वर्गणी निघते, उन्हाळ्यात टँकरची वेगळी.

मला सगळ्यात काळजी वाटते ती रिटायर होणाऱ्यांची. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळाली की ती एकरकमी एका फ्लॅटमध्ये घालतात, आणि मग आजारपणात पैसे लागले तर फ्लॅटची एक खोली काही विकता येत नाही. भाडं हेच पेन्शन समजून बसलेल्या माणसाला दोन महिने फ्लॅट रिकामा राहिला की औषधांचा विचार करावा लागतो, हे मी बघितलंय.

तेव्हा विनंती अशी की पुरवणीत कुठल्याही फ्लॅटचं भाडं छापताना त्याशेजारी मेंटेनन्स, मिळकतकर आणि स्टँप ड्युटी धरून पडलेली पूर्ण किंमतही छापा. आणि घेणाऱ्यांनी टोकन देण्याआधी त्या सोसायटीच्या खजिनदाराकडून मागच्या तीन वर्षांचे हिशोब, सिंकिंग फंडाची (मोठ्या कामांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांची) शिल्लक आणि टँकरची बिलं मागून बघावीत, आम्ही दाखवतो.

आपला नियमित वाचक,
एका सोसायटीचा खजिनदार, खराडी, पुणे