बाळ्याच्या इम्पालाचं लिंकेज

प्रिय बाळ्या,

तुझ्या शेवरले इम्पालाच्या लिंकेजचा, म्हणजे स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या रॉड-लिव्हरचा, डबा मिळाला. सगळे तुकडे पेपरवर मांडून बघितले आणि पहिलं सांगतो ते हे की त्या पार्ट विकणाऱ्या मुंबईवाल्याला अजून पैसे पाठवू नकोस. तो म्हणतोय ना की साठ-सत्तरच्या सगळ्या इम्पालांना एकच लिंकेज बसतंय, तसं नसतं रे. हा पार्ट गाडीच्या नावावर जुळवत नाहीत, गिअरबॉक्सवर जुळवतात. तुझी १९६५ ची, तिचा गिअरबॉक्स ॲल्युमिनियमवाला पॉवरग्लाईड, ऑटोमॅटिक, दोन स्पीडचा. मुंबईवाल्याच्या फोटोतला लिव्हर मला टर्बो हायड्रामॅटिक ३५० या दुसऱ्या गिअरबॉक्सचा वाटतोय आणि तो बॉक्सच मुळात १९६९ ला आला. बॉक्स मधे कुणी बदललाय का बघायचं तर गाडीखाली झोप आणि तेलाच्या पॅनचे बोल्ट मोज, पॉवरग्लाईडला १४ असतात, ३५० ला १३ आणि पॅनचा एक कोपरा कापलेला.

आता फरक कुठं पडतो ते बघ. पॉवरग्लाईडला पाच खटके, पी आर एन डी एल (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, लो), न्यूट्रल बरोब्बर मधला. ३५० ला सहा. आणि गिअरबॉक्सवरचा लिव्हर नुसता अर्धा इंच लांब आला तरी वरून रॉड तेवढाच सरकतो पण खाली लिव्हर कमी फिरतो, मग स्टिअरिंगजवळचा गिअर दाखवणारा काटा डी वर दिसतोय आणि आतला व्हॉल्व्ह एन आणि डी च्या मधे कुठंतरी लटकलाय. तेलाचं प्रेशर पुरं मिळत नाही, क्लच घसरत राहतो, तेल काळं पडतं, आणि मिस्त्री म्हणतो बॉक्स गेला. चांगले बॉक्स असे लिंकेजपायी खोललेले बघून जीव तुटतो माझा.

शिवाय तुझी गाडी उजव्या स्टिअरिंगची, बॉक्सचा लिव्हर मात्र डाव्या बाजूला, म्हणून तुला मधे तो आडवा शाफ्ट आहे. अमेरिकन कॅटलॉगमधलं रॉड डाव्या स्टिअरिंगच्या मापाचं, ते तुला काय उपयोगाचं? त्यामुळं हे गंजलेले तुकडे म्हणजेच तुझं ड्रॉइंग, एकही भंगारात टाकू नकोस. २०१९ च्या पुरात गाडी इथं सांगलीत वाड्यात बुडाली होती त्यात रॉड वाकला असं तुझा मिस्त्री म्हणतो आणि सरळ करायला निघालाय, त्याला आधी थांबव! बाक एकसारखा गोल आहे, कुठं चुरगळलेला नाही, तो कंपनीनंच दिलाय.

मी काय करतो, कुपवाड एमआयडीसीत लेथवाला आहे ओळखीचा, त्याच्याकडून रॉड नवीन करून घेतो. माप भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत, टोकापासून टोकापर्यंत नाही, आणि बाक जुन्यावर ठेवून. लिव्हरची भोकं लंबगोल झालीत, ती मोठी करून पितळी बुश, म्हणजे भोकात बसणारी छोटी नळी, मारू, पिना नवीन. पण लिव्हरचं जे भोक बॉक्सच्या शाफ्टवर बसतं त्याला हात लावायचा नाही, तिथं जरा ढिलाई आली की सगळं गेलं.

बसवताना खालून वर जायचं. आधी बॉक्सचा लिव्हर हातानं हलवून खटके मोज, मधल्यावर ठेव, मग वरचा दांडा एन ला लाव आणि स्विव्हलचा, म्हणजे रॉड लिव्हरला जोडणाऱ्या फिरत्या सांध्याचा, नट रॉडला ताण न देता आवळ. नंतर पाचही जागी खटका आणि काटा जुळतोय का बघ. बॉक्सच्या लिव्हरच्याच शाफ्टमधून थ्रॉटलचा छोटा लिव्हर पण येतो, कार्बोरेटरकडं जाणारा, त्याची गल्लत करू नकोस. स्टार्ट फक्त पी आणि एन ला झाली पाहिजे, तो स्विच सगळ्यात शेवटी लाव.

पार्कची टेस्ट यवतेश्वरच्या चढावर घे, आधी तोंड वर करून मग खाली करून, उताराच्या बाजूला चाकापासून जरा अंतर सोडून दगड ठेवून. दांडा पी ला, इंजिन बंद, हँडब्रेक सोडलेला. गाडी जराशी सरकून खटकन थांबली तर ठीक, करकर वाजली तर लगेच ब्रेक मार आणि मला फोन कर.

बोल्ट मोजून आकडा कळव, मग लेथवाल्याला काम देतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
दिन्या