वॉशिंग्टनहून पत्र : दर दोन तासांनी १५ मिनिटं

वॉशिंग्टन,
जुलै २०२५

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, थिंक टँकमध्ये, म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत, दिवसभर नेमकं करतेस काय, हा तुमचा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून हे पत्र.

इथे केंद्र सरकारच्या खात्याला नवा नियम करायचा असेल तर सहसा आधी मसुदा छापून लोकांची मतं मागवावी लागतात. १९४६ च्या कायद्याने तसं बंधन आहे. मत कुणीही नोंदवावं. त्याला ना वकील लागतो, ना फी. आमच्या टीमकडे जो मसुदा आहे तो उन्हात, भट्टीजवळ, कोंदट गोदामात राबणाऱ्यांसाठीचा. ‘ओशा’ म्हणजे कामगार-सुरक्षेचं खातं, त्यांनी तो ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. तापमान आणि दमटपणा मिळून अंगाला जाणवणारी उष्णता ८० अंश फॅरनहाइटवर (साधारण २७ सेल्सिअस) गेली की मालकाने गार पाणी आणि विसाव्याची जागा द्यायची. ९० वर (३२ सेल्सिअस) गेली की दर दोन तासांनी किमान १५ मिनिटं भरपगारी विश्रांती. सुमारे ३ कोटी ६० लाख कामगार यात येतात.

त्यावर आलेली मतं वाचून मुद्द्यांप्रमाणे लावणं हे माझं काम. कंत्राटदारांच्या संघटना म्हणतात, एकच आकडा सगळ्या राज्यांना कसा चालेल? आमच्या वरिष्ठ संशोधक असा आक्षेप उडवून लावू देत नाहीत. समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षाही नेटकं मांडा, मग उत्तर द्या, ही त्यांची शिस्त. आणि खरंच, त्या आकड्यात दमटपणा धरलाय, पण शरीराची सवय धरलेली नाही. उष्णतेला सरावायला एक-दोन आठवडे लागतात. कामावर उष्माघाताने दगावणाऱ्यांत बरेच जण पहिल्या काही दिवसांतलेच असतात. म्हणून नव्या माणसाला हळूहळू काम वाढवून देण्याची तरतूद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

जुने अहवाल काढताना एका गोष्टीने मी हादरले. सरकारच्याच संशोधन संस्थेने असा नियम करा अशी शिफारस १९७२ मध्ये केली होती! पाणी, विश्रांती, सराव, सगळं त्यात आहे. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये स्वतःपुरता नियम केला. फ्लोरिडाने २०२४ मध्ये उलट कायदा केला, की शहरांनी आणि काउंटींनी (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांनी) मालकांवर असली बंधनं घालायचीच नाहीत. देशभराचा नियम मात्र अजून नाही. बाबा, पुरावा असला की काम होतं असं मी धरून चालले होते. पुरावा पन्नास वर्षं पडून राहू शकतो, कुणीतरी तो पुनःपुन्हा पुढे ठेवावा लागतो, आणि हे काम मला मनापासून आवडतंय.

२ जुलैपर्यंत यावर ऑनलाइन जाहीर सुनावणी चालली. टिपणं काढायला मी होते. कामगार, डॉक्टर, उद्योगांचे प्रतिनिधी, सगळ्यांनी आपापलं म्हणणं मांडलं.

आई, तू विचारशील, मग होणार का नियम? ते सरकार ठरवणार. आम्ही फक्त खासदारांच्या स्टाफसाठी दोन पानी टिपण देणार. सरावाची तरतूद कापू नका, हे त्यात मी आग्रहाने घातलंय. वरिष्ठांना अजून आकडेवारी हवी आहे, ती या आठवड्यात जमवते. टिपण पुढे गेलं की लगेच कळवते.

तुमची लेक