सूचना : जुनी गाडी संस्थेला देण्यापूर्वी

सर्व सभासदांस,

मुलं परगावी गेली आणि इंदूरच्या सुदामा नगर, लोकमान्य नगर भागात कित्येक घरांपुढे गाड्या धूळ खात उभ्या राहिल्या. त्या एखाद्या सेवाभावी संस्थेला द्याव्यात का, अशी विचारणा होत असते. जरूर द्या, पण नुसती किल्ली सोपवून मोकळे होऊ नका. आरटीओत नाव बदलेपर्यंत कायद्याने मालक तुम्हीच. अपघात झाला तर भरपाईची नोटीस तुमच्याच दारी येणार. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलं आहे. मालकी बदलाचे फॉर्म २९ व ३० भरून १४ दिवसांत नायता मुंडल्याच्या आरटीओ कार्यालयात कळवा. कर्ज फिटूनही आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचं नाव असेल, तर ते काढायला आधी फॉर्म ३५ भरा. फास्टॅग आठवणीने बंद करा.

करसवलतीसाठी देणाऱ्यांनी मात्र थांबावं. वस्तुरूपातल्या देणगीला आयकरात सवलत नाही. गाडी विकून रक्कम चेकने द्यावी, तीही जुनी करप्रणाली घेतली असेल तरच उपयोगाची. रोख २,००० रुपयांवर चालत नाही.

आणि पंधरा वर्षं उलटलेली, नोंदणी संपलेली गाडी कृपया कुणाच्या गळ्यात मारू नका. ती भंगारातच बरी.

कोरे फॉर्म मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी मिळतील.

– कार्यवाह