आगाऊ कोण?

संपादक महाशय,

सोमवारच्या अंकात आमच्या गावच्या ग्रामसभेची बातमी वाचली. 'तरुणीच्या आगाऊ प्रश्नांमुळे सभा लांबली' असे त्यात छापले आहे. रविवारी मी त्या सभेत तिसऱ्या रांगेत होते. मुलीने विचारले ते एवढेच, की गटाराचे काम सुरू व्हायच्या आधी कंत्राटदाराला आगाऊ रक्कम किती दिली? मंचावरून उत्तर आले, "आगाऊपणा नको." लोक हसले. शब्द मंचावरचा; बातमीत तो अवतरणचिन्हांशिवाय आला आणि तुमचाच झाला.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात 31 वर्षे मराठी शिकवल्यामुळे शब्द दिसला की सोलायची खोड जात नाही. 'अग्र'वरून आलेला 'आगा', 'आगापिछा'तला तोच, आणि पुढे 'टिकाऊ', 'विकाऊ'तला 'आऊ'. अर्थ साधा, पुढचा किंवा आधीचा. कदंब महामंडळाच्या पुण्याच्या बसचे आगाऊ आरक्षण करताना किंवा जत्रेच्या नाटकाला साजिंदे ठरवून आगाऊ पैसे देताना या शब्दावर कोणी नाक मुरडत नाही. पैसा आगाऊ चालतो, पोर आगाऊ चालत नाही.

नको त्या चौकशा करतो तो भोचक. दुसऱ्याच्या कामात लुडबुडतो तो चोंबडा. आगाऊ मात्र पायरी सोडून पुढे आलेला, आणि पायरी ठरवणारा वर बसलेला. माझे थोरले दीर कोणाच्याही सोयरिकीच्या बोलण्यात तोंड घालतात. त्यांना लोक स्पष्टवक्ते म्हणतात. त्यांच्याच नातीने मध्ये एक वाक्य टाकले तर घरात लगेच कोंकणीतून 'चड शाणी', म्हणजे अतिशहाणी, ऐकू येते. चोंबडा, चोंबडी, चोंबडे असे होते, तसे 'आगाऊ'चे होत नाही. मुलगा आगाऊ, मुलगी आगाऊ, पोर आगाऊच. व्याकरणाने भेद केला नाही, पण मुलींना हा शब्द लवकर चिकटतो.

हे मी शहाजोगपणे सांगत नाही. सातवीतल्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात मीच 'हुशार, पण आगाऊ' असा शेरा लिहिला होता. फळ्यावर 'आशीर्वाद'मधली 'शी' मी ऱ्हस्व काढली होती आणि त्याने ती चूक हात वर न करता, बसल्या जागेवरून सांगितली. वडिलांनी शेऱ्याखाली सही केली आणि पोराला बडवले, हे मला फार उशिरा कळले. चूक माझी होती, 'शी'चीही आणि शेऱ्याचीही.

ग्रामसभेत गावच्या मतदाराने प्रश्न विचारायचा नाही तर कोणी? तेव्हा त्या शब्दाला निदान अवतरणचिन्हे घालून दुरुस्ती छापावी. आणि कंत्राटदाराला आगाऊ किती दिले तेही आपल्या वार्ताहराला कळले तर छापावे. सभेत ते सांगायचे राहून गेले.

– एक निवृत्त शिक्षिका, डिचोली