तुमच्या नातीच्या वसतिगृहाविषयी

ती. आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, तुमचे सविस्तर ई-पत्र मिळाले. तुम्ही नातीच्या राहण्याचा विचार आमच्यापेक्षाही बारकाईने केला आहे, हे वाचून मन भरून आले. खोली एकटीची असावी, इमारत नवी असावी आणि कॉम्प्युटर सायन्सचे वर्ग चालत जाण्याइतके जवळ असावेत, हे तुमचे म्हणणे मी तिला शब्दशः वाचून दाखवले. आई, मुले-मुली एकाच इमारतीत राहणार ही तुझी काळजीही तिच्या कानावर घातली. तरीही ती ज्या वसतिगृहाकडे झुकते आहे, ते ॲलन हॉल तुमच्या यादीत शेवटचे आहे. तिचा कल मला पटत चालला आहे आणि तो का पटतो, हे फोनवर नीट सांगता आले नसते, म्हणून हे पत्र.

अमेरिकेतल्या अर्बाना-शॅम्पेनच्या इलिनॉय विद्यापीठात, जिथे ती जाणार आहे, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या किंवा विद्यापीठाने मान्यता दिलेल्या खासगी वसतिगृहातच राहावे लागते, त्यामुळे बाहेर फ्लॅट घेण्याचा प्रश्नच येत नाही. अर्जात पसंतीक्रम देता येतो, परंतु पहिली पसंती मिळेलच याची हमी नसते. खोली आणि जेवण मिळून वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या पुढे जातो, आणि एकटीची खोली मागितली तर तो आणखी वाढतो. पैशांची सोय आम्ही केली आहे, त्यामुळे एकटीची खोली नको म्हणण्यामागे काटकसर नाही, एवढे आधीच स्पष्ट करते.

तिच्यापुढे तीन पर्याय आहेत. इलिनॉय स्ट्रीट रेसिडेन्स, ज्याला सगळे आयएसआर म्हणतात, ते इंजिनिअरिंगच्या इमारतींच्या अगदी जवळ आहे. कॉम्प्युटर सायन्सचे सीबेल सेंटर तिथून दहा मिनिटांच्या आत गाठता येते, आणि साहजिकच इंजिनिअरिंगची पुष्कळ मुले तिथेच राहतात. दुसरा पर्याय शॅम्पेन शहराच्या बाजूच्या आयकनबेरी कॉमन्सचा. तो अनेक इमारतींचा मोठा समूह असून त्यातल्या काही इमारती बऱ्याच नव्या आहेत. तिसरे ॲलन हॉल. ती जुनी इमारत आहे आणि तिथून सीबेलला पायी वीस-पंचवीस मिनिटे लागतात.

आयकनबेरीतल्या एका इमारतीविषयी, विषय किंचित बाजूला जातो तरी, तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१० मध्ये उघडलेल्या न्यूजेंट हॉलमध्ये गंभीर शारीरिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी खास खोल्या आहेत. त्यांच्या छताला रूळ बसवलेले असतात आणि त्यावरून सरकणाऱ्या झोळीच्या साहाय्याने विद्यार्थ्याला पलंगावरून उचलून चाकाच्या खुर्चीत किंवा स्नानगृहात नेता येते. ज्या टिमथी न्यूजेंट यांचे नाव या इमारतीला दिले आहे, त्यांनी अपंग विद्यार्थ्यांसाठीचे काम या विद्यापीठात १९४८ मध्ये सुरू केले, म्हणजे असे काही करण्याची कायद्याने सक्ती होण्याच्या कितीतरी आधी. वसतिगृह कोणासाठी बांधले आहे, हे छताकडे पाहून कळावे, याचे मला फार अप्रूप वाटले.

आता ॲलनकडे वळते. तिथे १९७२ पासून ‘युनिट वन’ नावाचा उपक्रम चालतो. राहत्या इमारतीतच छोट्या वर्गांमध्ये श्रेयांक मिळणारे अभ्यासक्रम शिकवले जातात, संगीताच्या रियाजासाठी खोल्या आहेत, मातीकामाची कार्यशाळा आहे आणि कलावंत, लेखक, कार्यकर्ते अशी पाहुणे मंडळी काही दिवस तिथेच मुक्कामाला येऊन संध्याकाळी मुलांशी गप्पा मारतात. आपल्या नातीने दिवसभर संगणकासमोर बसावे आणि संध्याकाळी ज्यांच्याशी जेवावे तेही संगणकाविषयीच बोलणारे असावेत, यापेक्षा हे मला अधिक निरोगी वाटते. अंतराचा प्रश्न खरा आहे, कारण जानेवारीत तिथे तापमान शून्याच्या पुष्कळ खाली जाते. मात्र शहर बससेवा चांगली आहे, आणि विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर बसमध्ये वेगळे तिकीट काढावे लागत नाही.

बाबा, ‘कलेच्या मुलांमध्ये राहून तिचे मन अभ्यासावरून उडेल’ या तुमच्या भीतीचा मी गंभीरपणे शोध घेतला. ब्रूस सेसरडोट या अर्थतज्ज्ञांनी डार्टमथ कॉलेजमधल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे खोलीतला जोडीदार जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखा ठरत असल्याने त्याचा परिणाम वेगळा काढून पाहता आला. जोडीदाराचा परिणाम गुणांवर आणि विद्यार्थ्यांच्या मंडळांत सामील होण्यावर दिसला, पण मुख्य विषय कोणता निवडायचा यावर दिसला नाही. याचा अर्थ चित्रकाराच्या शेजारी राहिल्याने इंजिनिअर चित्रकार होत नाही. मात्र अभ्यासाच्या सवयी शेजारून येऊ शकतात. म्हणून इमारतीपेक्षा खोलीतली जोडीदार कोण, हा प्रश्न मी अधिक महत्त्वाचा मानते.

एकटीची खोली मला नको वाटते तीही याच कारणाने. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेने विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत उभारली होती. फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या संशोधकांनी तिथल्या मैत्रीचा अभ्यास केला, तो १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. घरे कोणी स्वतः निवडलेली नव्हती, तरी सर्वांत जास्त मैत्री अगदी शेजारच्या दाराशी झालेली आढळली, आणि जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची ओळख वरच्या मजल्यावरच्यांशी इतरांपेक्षा अधिक होती. जाता-येता सहज समोर येणाऱ्या माणसांशीच बहुतेकांची मैत्री जमते. आपली मुलगी आपणहून जाऊन ओळख करून घेणाऱ्यांतली नाही, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. अशा मुलीला दार लावून बसता येईल अशी खोली आणि स्वतंत्र स्नानगृह दिले, तर पहिले सहा महिने तिला कोणाचे नावही कळायचे नाही. साबण-शाम्पूची टोपली हातात घेऊन, रबरी चपला फटफटवत सामाईक स्नानगृहाकडे जाताना ज्या दोन-चार मुली रोज भेटतात, त्यांच्यापैकीच एखादी ताप आला तर सूप घेऊन येते. खोली लहान असते, पलंग अरुंद असतो, खासगीपणा कमी मिळतो, हे सगळे मान्य करूनही मी दोघींच्या खोलीच्याच बाजूने आहे. पहिल्या काही आठवड्यांत जोडीदारांनी आपसांतले नियम लिहून काढायचे असतात: दिवा किती वाजता मालवायचा, पाहुणे कधी आणायचे, दुसरीच्या वस्तू विचारल्याशिवाय वापरायच्या की नाही. अठराव्या वर्षी हे समोरासमोर बसून ठरवता येणे, हेही एक शिक्षणच आहे.

आई, तुझ्या काळजीविषयी. खोली दोघी मुलींचीच असेल. इमारतीत मुलेही राहतात. प्रत्येक मजल्यावर रेसिडेंट ॲडव्हायझर म्हणून एक थोरला विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी असते, आणि अडचण आल्यास आधी तिच्याकडे जायचे असते. तू सुरक्षिततेचे विचारलेस, तर मी उगाच ‘काही होत नाही’ असे म्हणणार नाही. १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीची तिच्या वसतिगृहाच्या खोलीतच हत्या झाली. आपोआप बंद होणारी दारे कोणीतरी वस्तू अडकवून उघडी ठेवली होती आणि हल्लेखोर त्यांतून आत आला. तिच्या आई-वडिलांनी हार न मानता पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये कायदा झाला. तेव्हापासून सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला आपल्या आवारातल्या गुन्ह्यांचा अहवाल दरवर्षी जाहीर करावा लागतो. पुढे २००० मध्ये न्यू जर्सीच्या सीटन हॉल विद्यापीठातील वसतिगृहाला आग लागून तीन विद्यार्थी दगावले, आणि २००८ च्या कायद्याने आगीच्या बाबतीतला वार्षिक अहवालही देशभर सक्तीचा झाला. त्यात कोणत्या इमारतीत आग विझवणारे पाण्याचे फवारे आहेत आणि आगीचा सराव वर्षातून किती वेळा होतो, हे इमारतवार दिलेले असते. इलिनॉय विद्यापीठाचे असे दोन्ही अहवाल आम्ही तिघांनी एकत्र बसून वाचले. जीन क्लेरीची हकीकत वाचल्यानंतर बाहेरचे दार कोणासाठीही अडकवून उघडे ठेवायचे नाही आणि झोपताना खोलीला कुलूप लावायचे, हे मला तिला सांगावे लागले नाही.

जेवणाची चिंता करू नकोस. राहणे कोणत्याही हॉलमध्ये असले तरी विद्यापीठाच्या सगळ्या भोजनगृहांत जाता येते आणि शाकाहारी पदार्थ रोज असतात.

बाबा, माझे मत मी वर मोकळेपणाने मांडले आहे, परंतु तिच्यापुढे मी ते अजून बोललेले नाही आणि मुद्दामच बोललेले नाही. राहण्याचा करार तिच्या नावाचा असणार आहे. १९७४ च्या कायद्याप्रमाणे कॉलेजात गेल्यावर तिच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्कही आमच्याकडून तिच्याकडे जातो. गुण, विषय, प्राध्यापक या सगळ्यांबाबत यापुढे तिने सांगितले तरच आम्हाला कळेल, तेव्हा ती आपणहून सांगत राहावी असे वाटत असेल, तर पहिला निर्णय तिच्या हातून काढून घेणे बरे नव्हे. तुमच्या शब्दाला तिच्या लेखी फार वजन आहे. तुम्ही ‘आयएसआरच घे’ म्हणालात, तर ती एका शब्दाने विरोध न करता तेच घेईल, आणि मला नेमके तेच नको आहे.

या रविवारी ती तुम्हाला व्हिडिओ कॉल करणार आहे. त्या वेळी कोणते वसतिगृह चांगले हे सांगण्याऐवजी तिला काही विचाराल का? रात्री अकराला वर्ग-प्रकल्प संपला तर ॲलनला परत कशी येणार, शेवटची बस किती वाजता असते, जोडीदाराशी पटले नाही तर खोली बदलून मिळण्याची पद्धत काय, आणि पहिली पसंती मिळाली नाही तर दुसरी कोणती लिहिणार. बसच्या वेळा तिने अजून पाहिलेल्या नाहीत असा माझा अंदाज आहे, आणि तुम्ही विचारलेत तर ती नक्की पाहील. आई, तू मातीकामाच्या कार्यशाळेविषयी विचार. त्याबद्दल ती तुला बराच वेळ सांगेल.

अर्ज भरून झाला की तिने काय निवडले ते तिच्याच तोंडून तुम्हाला कळेल.

तुमची लेक