न्यूझीलंड क्लाइंबिंग सफरीच्या सदोष आराखड्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

विषय: आराखड्याची फी आणि सफरीसाठी भरलेली आगाऊ रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

आम्ही चौघे सह्याद्रीच्या कातळावर चढाई शिकलो. न्यूझीलंडमध्ये गाडी भाड्याने घ्यायची आणि उत्तर बेटापासून दक्षिण बेटापर्यंत कडे चढत जायचे, हा आमचा बेत. तुमच्या जाहिरातीत ‘क्लाइंबर्ससाठी खास आखलेली सफर’ असे छापले आहे म्हणून तुमच्याकडे आलो. या कामाची फीही तुम्ही वेगळी घेतलीत. हाती आलेला आराखडा मात्र प्रेक्षणीय स्थळांच्या नेहमीच्या सहलीत कड्यांची नावे घुसडून तयार केलेला आहे. तो तसाच पाळला तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सर्वात गंभीर बाब हंगामाची. आम्ही लेखी फेब्रुवारी मागितला होता. तुम्ही मे टाकलात आणि वर ‘उन्हाळी सुट्टीतली सफर’ असे शीर्षक दिलेत. उन्हाळा आपल्याकडे असतो. तिकडे मे म्हणजे हिवाळ्याचे तोंड. त्याच महिन्यात तुम्ही आम्हाला दक्षिण बेटावरच्या फियोर्डलंडमधल्या डॅरन पर्वतात पाठवता आहात. मिलफर्डच्या त्या परिसरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. होमर बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिमस्खलनाचा धोका असतो, तो त्यासाठी बंदही ठेवतात, आणि मे ते नोव्हेंबर गाडीत बर्फावर चाकांना लावायच्या साखळ्या ठेवाव्या लागतात. तुमच्या गाडीच्या कोटेशनमध्ये साखळ्या नाहीत. आराखड्यात पावसाचा एकही राखीव दिवस नाही. त्यातून ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून तिथला बॅबिलॉन कडा सुचवला आहे. हा कडा बाहेर झुकलेला आणि कठीण मार्गांसाठी ओळखला जातो. याउलट, मार्ग किती अवघड हे आकड्यात सांगणाऱ्या यूबँक पद्धतीतल्या १६-१८ ग्रेडच्या मार्गांपुढे तुम्ही ‘फक्त तज्ज्ञांसाठी’ असे लिहिले आहे. न्यूझीलंडमध्ये हीच श्रेणी वापरतात, आणि तिच्यातला १८ म्हणजे फ्रेंच श्रेणीतला साधारण ६ए. नियमित सराव असणाऱ्याला तो पेलतो. ज्याने हे लिहिले त्याने एकदाही कुणा क्लाइंबरला विचारलेले नाही, हे स्पष्ट दिसते.

कासल हिलचे पान वाचून मला सर्वात जास्त वाईट वाटले, कारण या सफरीत ती जागा पाहण्याची माझी सर्वात मोठी ओढ आहे. क्राइस्टचर्चपासून सुमारे १०० किलोमीटरवर चुनखडीचे हजारो गोलसर दगड आहेत. त्यांच्यावर पकडायला खाचा फारशा नसतात, तळहाताच्या घर्षणावर चढावे लागते. तिथे मुख्यतः बोल्डरिंग होते, म्हणजे कमी उंचीच्या दगडांवर दोराशिवाय चढाई, त्यामुळे खाली क्रॅश पॅड, म्हणजे पडल्यास झेलणाऱ्या जाड गाद्या हव्यात. तुम्ही भाड्याच्या सामानात दोर आणि तो कड्याला अडकवायचे क्विकड्रॉ दिले आहेत, पॅड एकही नाही. खरे तर थंड, कोरड्या हवेत हाताला पकड चांगली मिळते, त्यामुळे तुमच्या मे महिन्यात हीच एक जागा जमली असती. शिवाय रात्री तिथल्याच वाहनतळावर गाडीत झोपायला सांगितले आहे. तिथे मुक्कामाला परवानगी नाही. मुक्कामाची जागा पुढे लेक पिअर्सनपाशी आहे. कासल हिलची ही भूमी, माओरी भाषेत कुरा ताफिती, न्गाई ताहू या माओरी समाजासाठी पवित्र आहे आणि १९९८च्या कायद्याने तिला तसा विशेष दर्जा मिळालेला आहे. आराखड्यात तिच्यापुढे फक्त ‘फोटो पॉइंट’ लिहिले आहे. पाहुण्यांना एवढे तरी सांगून पाठवायला हवे होते.

अंतरांचे गणितही खोटे आहे. सकाळी दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाकडे टाकाकाजवळच्या पेन्स फोर्डच्या कड्यावर चढाई आणि त्याच संध्याकाळी कासल हिलला मुक्काम, मधला प्रवास ‘चार तास’, असे तुम्ही लिहिता. हे अंतर चारशे किलोमीटरहून जास्त आहे, सुरुवातीलाच टाकाका हिलचा वळणावळणाचा घाट आहे, आणि मे अखेरीस तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. उरलेला डोंगराळ रस्ता आम्ही अंधारात, चढून थकलेल्या अंगाने कापायचा का? दोन बेटांमधल्या वेलिंग्टन ते पिक्टन फेरीबोटीला साडेतीन तास लागतात आणि गाडीच्या लांबीप्रमाणे भाडे पडते. आराखड्यात त्याचा वेळ धरलेला नाही, खर्चही नाही. दक्षिण बेटावरच्या वानाकाचा भाग तेवढा ठीक आहे.

मुक्काम बहुतेक ठिकाणी ‘फुकट, गाडीतच’ दाखवले आहेत. न्यूझीलंडच्या २०२३च्या कायद्यानुसार ‘सेल्फ-कंटेन्ड’, म्हणजे राहण्याच्या सोयी गाडीतच असल्याच्या, प्रमाणपत्रासाठी गाडीत पक्का बसवलेला संडास लागतो आणि असे बरेच मुक्काम त्या प्रमाणपत्राशिवाय करता येत नाहीत. तुम्ही दिलेल्या व्हॅनमध्ये संडासच नाही. दंड आमच्या नावावर निघेल. उत्तर बेटावरच्या वारेपापा साउथचे कडे खासगी शेतजमिनीवर आहेत. तिथे मालकाच्या संमतीने आणि त्याचे नियम पाळूनच जायचे असते. याबद्दल एक ओळही नाही.

आणि विमा. तुम्ही ‘साहसी सफरीचा संपूर्ण विमा’ म्हणून जी पॉलिसी जोडलीत, तिच्या अपवादांच्या यादीत दोर लावून केलेली चढाई स्पष्टपणे वगळली आहे. न्यूझीलंडची सरकारी अपघात योजना, एसीसी, पर्यटकाच्याही दुखापतीच्या उपचाराला हातभार लावते. जखमी माणसाला भारतात परत आणण्याचा खर्च ती देत नाही. तो खर्च एखाद्या कुटुंबाला कर्जात लोटू शकतो. चढाईसाठी विकलेल्या सफरीला चढाईच वगळणारा विमा जोडणे ही माझ्या मते या प्रकरणातली सर्वात अक्षम्य गोष्ट आहे.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर ‘तिथे गेल्यावर बदल करून घ्या’ असे उत्तर दिले. ते आम्हाला मान्य नाही. आराखड्याची पूर्ण फी आणि आगाऊ रक्कम पंधरा दिवसांत खात्यात जमा करावी, विम्याचा हप्ता रद्द करून परत करावा, आणि दुरुस्ती होईपर्यंत ही सफर इतर कुणालाही विकू नये. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

आराखड्याची प्रत, पैसे भरल्याच्या पावत्या आणि फेब्रुवारीची मागणी केलेला ईमेल सोबत जोडला आहे.

आपली,
चौघांच्या वतीने एक ग्राहक
(नाव व आरक्षण क्रमांक सोबतच्या अर्जात)